आतोबांची पोच

जगात बोलणारी माणसं रग्गड आहेत, ऐकणारी थोडी आहेत. पण आपण बोललेलं समोरच्यापर्यंत पोचलं की नाही याची खात्री पटल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस ब्रह्मदेवाने एकच घडवला आणि तो नेमका आमच्या आत्याच्या पदरात टाकला. हे आमचे आतोबा, पुढे सगळा कारखानाही त्यांना आतोबाच म्हणे. मूळचे उंब्रजचे, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार. डोंगरावरच्या ठाण्यातून खाली तळाला निरोप धाडायचा, खालच्याने तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा आणि शेवटी 'समजलं' म्हणायचं, तेव्हाच निरोप गेला असं धरायचं, अशी तिथली रीत. या परत म्हणण्याला आतोबा 'पोच' म्हणत. फौज सुटली, गणवेश ट्रंकेत गेला, साखर कारखान्यात नोकरी लागली, मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, पण पोच मागायची खोड काही गेली नाही. ते एकदा कराडला निघाले होते. एस.टी.त कंडक्टर आला. आतोबा म्हणाले, "कराड एक." कंडक्टरने मुकाट्याने तिकीट पुढे केलं. यांनी हात मागे घेतला. "आदी सांगा, काय मागितलं मी?" कंडक्टर चिडला, मागची मंडळी ओरडायला लागली, ड्रायव्हरने वळून पाहिलं, पण शेवटी त्या बिचाऱ्याने "कराड एक" म्हटल्यावरच आतोबांनी तिकीट घेतलं आणि वर त्याला सांगितलं, "शाबास. आता तुमी बी बिनघोर, आमी बी बिनघोर."

त्यांच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, भटजींनी मोठ्याने 'सावधान' म्हटलं आणि अंतरपाटामागून फौजी आवाज आला, "सावधान, समजलं!" भटजी पुढची ओळ विसरले. आत्याला असं काही हसू फुटलं की तिने घातलेली माळ गळ्यात न पडता नवऱ्याच्या एका कानावर लोंबत राहिली. देवालाही त्यांनी सोडलं नव्हतं. गावच्या मारुतीवर त्यांची काहीशी नाराजी होती, कारण कितीही वेळ हात जोडून उभं राहिलं तरी तिकडून हूं की चूं येत नसे. उलट शेजारच्या गावात कौल देणारी देवी होती. गाऱ्हाणं घालावं, मूर्तीला फूल चिकटवावं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आतोबा तिला अगदी जवळची मानत. "ही देवी सिग्नलची हाय गड्या," ते मला सांगत, "हो म्हनंल न्हाईतर न्हाई म्हनंल, पर जबाब टाकून मोकळी हुती."

अशा माणसाला बायको मिळाली ती कशी? तर जन्मात कुणाला पोच न देणारी! आमची आत्या विट्याची. आमच्याकडची निम्मी माणसं परमुलखात सोनं गाळायची दुकानं टाकून बसलेली, माझे वडीलही त्यातलेच. भट्टीजवळ बसून बसून आमच्या घराण्याला कमी बोलायची सवय लागलेली असावी. आतोबा ओसरीवरून ओरडत, "आगं, मी कारखान्याला निघालो!" आतून भांड्याचा आवाज. "आगं, निघालो म्हनलं!" भाकरी थापायचा आवाज. मग ते चपला काढून परत आत जात आणि चुलीपुढे उभे राहत. आत्या वर न बघता म्हणे, "आयकलं की. मी काय भैरी हाय?" "मग काय आयकलंस त्ये म्हण." "म्हनायला काय झालंय? शाळा हाय व्हय हितं?" आतोबा सुस्कारा टाकून निघत. चीनच्या सीमेवर बर्फात बसलेल्या माणसाकडून मला पोच मिळायची, ते म्हणत, आणि माझ्या स्वैंपाकघरातनं मिळत नाही. त्यांनी एकदा मिरजेच्या भंगार बाजारातून हॅण्डल फिरवायचे दोन फौजी फोन आणले, एक कारखान्यात आपल्या टेबलावर ठेवला, दुसरा स्वैंपाकघरातल्या फळीवर, आणि कॉलनीतल्या घरापर्यंत स्वतः तार ओढली. वाटलं असेल, समोरासमोर नाही तर निदान तारेवर तरी बोलेल. आत्याने त्या फोनवर पिठाची चाळणी अडकवली. फोन खणाणला की चाळणी हले आणि थोडं पीठ सांडे, एवढाच त्याचा संसाराला उपयोग झाला.

मला भट्टीचा धूर सोसवेना म्हणून मी वडिलांच्या धंद्यात न जाता कृष्णाकाठच्या त्याच साखर कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून झालो आणि आत्याकडेच राहायला आलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आतोबा कारखान्यात वीजखात्याचे फोरमन होते. तिथला सगळा कारभार तेव्हा रिलेंवर, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप होणाऱ्या खटक्यांवर चाले. खोलीभर लोखंडी कपाटं, त्यांत रिलेंच्या रांगा, आणि दिवसभर त्यांची टकटक. उसाचा पट्टा कधी थांबायचा, रसाचा पंप कधी सुरू व्हायचा, हे सगळं तारा कशा जोडल्यात त्यावर ठरे. काही बदलायचं म्हटलं की कपाट उघडून तारांचं आतडं बाहेर काढायचं आणि पुन्हा भरायचं. अशात आतोबा पुण्याला एका प्रदर्शनाला गेले आणि तिथून परतले ते वेगळेच होऊन परतले. जेवताना हसायला लागले. भाजी आळणी होती तरी बोलले नाहीत. आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "कोण भेटली रं पुण्यात?"

भेटला होता प्रोग्रॅमेबल कंट्रोलर. आतोबांनी मग संचालक मंडळाच्या मागे असा लकडा लावला की मंडळाने त्यांना बैठकीत बोलावलं. मी टिपणं घ्यायला होतो. चेअरमनसाहेब म्हणजे स्वतः ऊसवाले, फेटा बांधणारे, बोलायला रोखठोक. म्हणाले, "एवढ्याशा पेटाऱ्यात काय हाय ते आमाला कळंल असं सांगा." आतोबांनी टेबलावर पानसुपारीचं तबक, काड्यापेट्या आणि चष्म्याची घरं ओळीने मांडली. "ह्या बाजूची कार्डं आयकून घेत्यात. टाकी भरली, पट्टा अडकला, कुणी बटण दाबलं, समदं हितनं आत कळतं. ह्या बाजूची कार्डं हुकूम सोडत्यात. मोटार चालू, मोटार बंद. मदलं ह्ये डोकं. काय झालं तर काय करायचं, ह्यो धडा त्येला बटणं दाबून शिकवायचा. बदल करायचा तर तारा उपसायच्या न्हाईत, नुस्ता धडा बदलायचा." सांगलीकडचे एक जैन व्यापारी संचालक होते, त्यांनी चष्मा परत घेत विचारलं, "लाइट गेली म्हणजे धडा पुसला, नव्हे?" "न्हाई. आत बॅटरी हाय. लाइट गेली तरी इसरत न्हाई. संचालकांस्नी मागच्या बैठकीतलं आठवत न्हाई, ह्येला आठवतंय." मंडळ हसलं, चेअरमनसाहेब हसले नाहीत. "त्ये झालं. पर तुमाला ह्येचा एवढा लळा का लागला?" आतोबांचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, ह्ये पोच देतं."

आणि ते खरंच होतं. कारखान्याला पाणी नदीवरच्या जॅकवेलमधून, म्हणजे काठावरच्या खोल विहिरीतून पंपाने येई. जॅकवेल पार मळ्यांच्या पलीकडे. तिथे पंप चालू करा म्हणून सायकलवरून माणूस धाडायचा आणि तो परत येईपर्यंत बसायचं. नव्या यंत्राचा एक धाकटा भाऊ त्या जॅकवेलवर बसणार होता. दोघांमध्ये फक्त एक तार. थोरला धाकट्याला हुकूम धाडणार, धाकट्याने तो तसाच्या तसा परत म्हणायचा, जुळला तरच पंप सुरू करायचा, आणि काम झालं की झालं असं कळवायचं. जबाब आला नाही तर थोरला पुन्हा विचारणार, तरी नाही आला तर लाल दिवा. आतोबांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. यंत्र घ्यायचं ठरलं, पण उठताना चेअरमनसाहेबांनी बजावलं, "जुनी कपाटं मी मोडत न्हाई. मोळीच्या दिवशी, हंगामाचा पयला ऊस टाकताना, समद्या सभासदांम्होरं ह्ये चाललं पायजे. न्हाई चाललं तर तुमचं यंत्र पुण्याला आन् तुमी उंब्रजला." आतोबांनी मान ताठ करून शब्दन्‌शब्द पोच दिली: "यंत्र पुण्याला आन् मी उंब्रजला. समजलं."

यंत्र आलं. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, कारखान्यातला पहिला कूलर तिथे बसला, आणि आतोबांचं टेबलही फौजी फोनसकट तिथे हललं. आतोबा दारात चपला काढत आणि इतरांनाही काढायला लावत. खुद्द चेअरमनसाहेब एकदा पायमोजे सावरत आत गेले. पुण्याहून एक तरुण इंजिनियर आले होते, हसतमुख आणि कामाचे. ते आणि आतोबा दिवसभर त्या यंत्राला धडे शिकवत. छोट्या तांबड्या दिव्यांच्या रांगा लुकलुकत, आणि जॅकवेलची पोच आली की शेवटचा हिरवा दिवा लागे. तो लागला की आतोबा यंत्रालाही म्हणत, "समजलं." घरी दुसरा विषय नव्हता. आत्या त्या यंत्राला 'सवत' म्हणायला लागली. "जावा, सवतीचा दिवा लागला आसंल," म्हणून हातात डबा द्यायची. इंजिनियर चाचण्या उरकून पुण्याला गेले आणि मोळीच्या आदल्या दिवशी येतो म्हणाले. मध्ये फक्त दसरा होता.

आता दसऱ्याआधी खंडेनवमी येते हे पुण्याच्या माणसालाही ठाऊक असतं. पण खंडेनवमीला आमच्या भागातला फौजी काय करतो हे ठाऊक असायचं कारण नाही. त्या दिवशी कारखाना नुसता झेंडूने पिवळा झाला होता. मोटारींना, पंपांना, पान्यांना हळदकुंकू लागलं. आतोबा काचेच्या खोलीच्या दारात पहारा देत बसले, कुणी अडाण्याने यंत्राला बोट लावू नये म्हणून. सगळे पांगल्यावर त्यांनी आंघोळ केली, सोवळं नेसले, आणि स्वतः आत गेले. फौजेत शस्त्रपूजेला बंदूक तशीच पुजत नसत, भाग सुटे करून प्रत्येकाला गंध लावत. आतोबांनी यंत्र बंद केलं, खाचांतली सगळी कार्डं एकेक करून बाहेर काढली, पाटावर मांडली. प्रत्येक कार्डाच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले बारीक दात होते. तेच खाचेत बसत आणि सगळं बोलणं त्यांतूनच ये-जा करी. सोनं म्हणजे लक्ष्मीच. कुंकू उडून जाऊ नये म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं, आणि हळद अन् कुंकवाचं बोट त्या दातांवरूनच ओढलं. नारळ फोडला, कार्डं होती तशी खाचांत बसवली, नमस्कार केला, कुलूप लावलं आणि साखर वाटत घरी आले.

मोळीच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिनियर आले आणि त्यांनी कळ दाबली. एक दिवा लागला, चार लागले नाहीत, दोन उगीचच लुकलुकले, आणि जॅकवेलची पोच तर मागून मागून येईना. लाल दिवा मात्र ठणठणीत. इंजिनियरनी एक कार्ड ओढून काढलं आणि ते त्याच्याकडे बघतच राहिले. "आतोबा, हे काय आहे?"

"खंडेनवमी."

"सगळ्या कार्डांना?"

"पंक्तिभेद कसा करायचा, साहेब?"

इंजिनियर भला माणूस, त्यांनी कपाळाला हातसुद्धा लावला नाही. त्यांच्याजवळ दात पुसायच्या औषधाची लहानशी बाटली होती. एका कार्डाचं तेल निघेपर्यंत ती संपली. दुसरी पुण्यात. चेअरमनसाहेबांना बातमी लागली होती आणि रिलेच्या कपाटांना तारा जोडायला माणसं आलीसुद्धा. आतोबांनी खाचांतली कार्डं पुन्हा एकेक करून काढली. ती पूजेच्या धोतरात गुंडाळून छातीशी धरून घरी निघाले, मी आणि इंजिनियर मागून. ओसरीवर बसले. आत्याने आतून सांगितलं, "चा ठिवलाय." आतोबा गप्प. तिने चहा आणून समोर ठेवला, तरी गप्प. 'काय ठेवलंय ते पुन्हा म्हण' नाही की काही नाही. तेव्हा मात्र आत्या घाबरली. "आवं, काय झालंय? आँ? बोला की!" मीच सगळं सांगितलं. तिने धोतराची घडी उलगडली, एक कार्ड उजेडात धरलं आणि इंजिनियरना विचारलं, "ह्ये सोनं हाय?"

"हो वहिनी. मुलामा आहे, पण सोन्याचाच."

"मग सुतक आल्यागत का बसलाय? माझं आख्खं म्हायेर सोनं धुवून जगतंय."

तिने रिठे भिजत घातले. इंजिनियर म्हणाले, "कोमट पाणी आणि साधा फेस चालेल, आमच्याकडेही कार्डं धुतात. पण घासायचं नाही, आणि थेंबभरसुद्धा ओल राहता कामा नये." "सांगितलंत त्ये बरं केलं," आत्या म्हणाली आणि जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा फाडून कामाला बसली. फेस, मग साधं पाणी, मग कापडाने नुसतं टिपायचं. इंजिनियर भिंग घेऊन एकेक दात तपासत होते आणि मी पाणी ओतत होतो. अंगणातल्या बाजेवर धुतलेली चादर पसरून कार्डं वाळत घातली. दसऱ्यानंतरचं ऊन नुसतं भाजत होतं. आत्या हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली. कॉलनीतल्या बाया येता-जाता थबकत. "आवं काकी, ह्या कसल्या वड्या म्हनायच्या?"

"वड्या न्हवं बाई," आत्या म्हणाली, "माझ्या सवतीचं दात हाईत."

तेव्हा आतोबा सकाळपासून पहिल्यांदा हसले. उन्हं कलायच्या आत कार्डं खाचांत बसली. इंजिनियरनी कळ दाबली. तांबड्या दिव्यांची ओळ लागली. हिरवा दिवा एकदा लुकलुकला, विझला, मग पुन्हा लुकलुकला. "खरं उद्या कळेल," इंजिनियर म्हणाले, "सगळा भार पडल्यावर."

दुसऱ्या दिवशी सभासदांनी आवार फुलून गेलं होतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, वाजंत्री, फेट्यांची दाटी. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, चरकाकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्याच्या गव्हाणीत उसाची मोळी टाकली आणि मागे वळून आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी बटण दाबलं. वाजंत्री थांबली. काही हललं नाही. गव्हाणीत मोळी नुसती पडून राहिली. जुन्या कपाटांशी उभा असलेला वायरमन हात खटक्याला लावून तयार होता. चेअरमनसाहेब दातओठ खात म्हणाले, "बोलंना का त्ये?"  आतोबा मात्र सरळ उभे, फौजेत उभं राहावं तसे. म्हणाले, "साहेब, लाल दिवा न्हाई, म्हंजी पंप सुरू झालाय. पर नळातनं पाणी हितवर चढल्याबिगर 'झालं' म्हनायचं न्हाई आन् पट्टा सोडायचा न्हाई, असं शिकवलंय त्येला. खोटी पोच आमच्यात चालत न्हाई."

आणि काचेआड हिरवा दिवा लागला! लुकलुकला नाही, लागला तो लागलाच. पट्ट्याने एक हिसका दिला, मोळी पुढे सरकली, चरकांनी तिला आत ओढलं आणि उसाचा पहिला कडकडाट झाला. लोकांनी टोप्या उडवल्या. आतोबांनी सगळ्या धड्यांच्या शेवटी भोंगा वाजवायचं कामही यंत्रालाच दिलेलं होतं. तो असा दणदणीत वाजला की बैल बुजले. चेअरमनसाहेबांनी आपला फेटा काढून आतोबांच्या डोक्यावर ठेवला आणि गर्दीकडे तोंड करून ओरडले, "आतोबांचं यंत्र चाललं!" त्याला सगळ्या आवाराने, ऊसतोड्यांपासून संचालकांपर्यंत, एका आवाजात उत्तर दिलं, "चाललं! समजलं!" तो जैन संचालकही चष्मा हलवून ओरडत होता. असा जल्लोष त्या कारखान्यात मी पुन्हा ऐकला नाही.

तेवढ्यात काचेच्या खोलीतला फौजी फोन वाजला. तिकडून कधी कुणी वाजवलाच नव्हता, म्हणून तो वाजतो हेच आम्ही विसरलो होतो. आतोबांनी धावत आत जाऊन तो उचलून कानाला लावला. मी मागोमाग जाऊन शेजारीच उभा होतो. आत्या फोनवर बोलायची सवय नसल्याने इतकी मोठ्याने ओरडत होती की मलाही स्वच्छ ऐकू आलं. "भोंगा वाजला! आयकला मी! पोचला!" आतोबांनी तोंड उघडलं, पण पोचेवर पोच द्यायची असते ही गोष्ट ते आयुष्यात प्रथमच विसरले. नुसते फोन धरून, डोक्यावर चेअरमनसाहेबांचा फेटा घेऊन रडत उभे राहिले. मग तिकडून आत्याच म्हणाली, "आवं, आयकताय न्हवं?"

त्याला आता पुष्कळ काळ लोटला. तो कंट्रोलर कधीच मोडीत निघाला, त्याच्या जागी नवी यंत्रं आली आणि गेली. त्याचं जॅकवेलची पोच आणणारं कार्ड मात्र आत्याच्या देव्हाऱ्यात आहे आणि दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं. आता लावायला हरकत नाही. जन्मभर चरकांच्या आवाजात काढल्यामुळे आतोबांना फार कमी ऐकू येतं. बोललेलं पोचत नाही म्हणून ते हल्ली बोलतही नाहीत फारसे, ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतात. मी परवा गेलो होतो. आत्या चहा घेऊन आली, कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि वाकून म्हणाली, "चा ठिवलाय." आतोबांनी नुसतं पाहिलं. ती हलली नाही. आणखी वाकून, आणखी मोठ्याने, "चा ठिवलाय म्हनलं!" मला राहवेना. म्हटलं, "आत्या, कप समोर आहे, दिसतोय की त्यांना. तू बस जरा." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक हात खुर्चीवर टेकून ती तशीच उभी राहिली.

"दिसत आसंल रं," ती म्हणाली, "पर पोच आल्याबिगर मी कशी हलू?"